खांद्याचं मॉडेल घेतलं, पण नसा सुतानं वाढवाव्या लागल्या

मी फिजिओथेरपिस्ट. सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. निम्मे पेशंट लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावर काम करणारे, बाकीच्यांत विड्या वळणाऱ्या बायका आणि ऑर्डरीच्या कडक भाकऱ्या थापणाऱ्या मावश्या. म्हणजे खांदा हा आपला रोजचाच धंदा. कागदावर चित्रं काढून काढून कंटाळले, म्हणून जानेवारीत ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या धामधुमीत खांद्याचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. ४,२०० रुपये पडले. माणसाच्या मापाचा उजवा खांदा, स्नायू सुटे होणारे, नसा पिवळ्या तारेच्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच माल दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला दिसला.

आधी चांगलं सांगते. डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा गोल जाड स्नायू, लोहचुंबकावर बसतो, एका हातानं उचलून काढता येतो, आणि तो निघाला की खाली त्याला चालवणारी नस, ॲक्सिलरी नर्व्ह, दिसते. फऱ्यापासून दंडाकडे जाणारे दोन टेरीस स्नायू, दंडामागच्या ट्रायसेप्सचा लांब भाग आणि दंडाचं हाड यांच्यामधल्या चौकोनी फटीतून रक्तवाहिनीबरोबर बाहेर येते आणि हाडाच्या मानेला वळसा घालते. हे काम सुरेख केलंय. स्कूटरवरून पडून खांदा निखळलेले एक मामा आले होते. खांदा बसवला, पण दंडावर बाहेरच्या बाजूला तळव्याएवढा भाग बधिर, हात बाजूला उचलेना. त्यांना तो वळसा दाखवला. मामांनी तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाड सटकताना ही ताणली होय?" तेच तर. हे समजवायला मला एरवी वीस मिनिटं लागतात.

आता तक्रारी. पहिली सोलापूरची. एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी दोन तास लाइट गेली, खोली तापली आणि नसांना लावलेला गोंद सुटला. संध्याकाळी बघते तर ॲक्सिलरी नर्व्ह शेवयीसारखी लोंबतेय. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, थंड व कोरड्या जागी ठेवावे. सोलापुरात, एप्रिलमध्ये!

ती तार मी फेव्हिक्विकनं चिकटवली, विषय संपला. दुसरी तक्रार चिकटवून मिटणारी नाही. या मॉडेलमध्ये प्रत्येक स्नायूला एकच तार आहे, आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळ्यांचे खांदे असेच असतात.

ट्रॅपेझियसचंच घ्या, मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीवर पसरलेला स्नायू. मॉडेलवर त्याला एक तार, मानेच्या बाजूनं खाली येणारी ॲक्सेसरी नर्व्ह. पण त्याच स्नायूला मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळून निघालेल्या नसांचेही फाटे येतात. ते फक्त स्नायूच्या ताणाची खबर मेंदूला देतात, असं आम्ही शिकलो. पण काही माणसांत त्यांतून स्नायू हलवणारा हुकूमही जातो. कुणात किती, ते बाहेरून बघून कळत नाही.

विड्या वळणारी एक अक्का आली होती. मानेच्या बाजूची गाठ तपासायला काढली, त्यानंतर खांदा खाली आला, रात्री ठणका, दोरीवर कपडे टाकता येईनात. एका ठिकाणी सांगितलं, "खांदे उडवता येतात ना, मग नस शाबूत आहे," आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मी तिला पाठमोरी बसवून हात बाजूनं वर घ्यायला लावला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि अडला, फरा बाहेर सरकला. खांदा थोडा उडत होता, कारण फरा वर उचलणारा दुसरा स्नायू, लेव्हेटर स्कॅप्युली, स्वतंत्र नसांवर चालतो, आणि तिच्या ट्रॅपेझियसचा वरचा भागही पुरता मेला नव्हता. ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेची तपासणी, काढायला पाठवलं. ॲक्सेसरी नर्व्हला इजा निघाली, वरच्या भागात मात्र थोडी हालचाल नोंदली गेली. पुढचं सर्जननं बघितलं. आता ती कपडे वाळत घालते, अजून स्टुलावर चढूनच. हे सगळं एका पिवळ्या तारेवर कसं दाखवायचं?

फऱ्याच्या वरच्या कडेची खाचही तशीच. मॉडेलमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी छान गोल आहे, तिच्यातून फऱ्यामागच्या स्नायूंची सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह जाते. १९७९ साली रेंगाचारी आणि सहकाऱ्यांनी या खाचेचे ६ प्रकार पाडले. कुणाला खाचच नाही, कुणाला अरुंद, तर कुणाच्या खाचेवरच्या पट्ट्याचं हाड होऊन नस भोकातून जाते. व्हॉलीबॉल खेळणारा एक पोरगा आईनं आणला होता. दुखणं काही नाही, पण पाठीमागून खड्डा पडलाय म्हणे. खड्डा फऱ्याच्या कण्याखाली, म्हणजे फऱ्यावरच्या आडव्या हाडाच्या कडेखाली होता, वर नाही. म्हणजे नस या खाचेत नाही, पुढे कण्याला वळसा घालते तिथं दबत होती. ही दुसरी जागा मॉडेलवर नीट दिसते, तेवढे मार्क द्यायला हवेत.

मग उपाय काय केला? चादरीच्या कारखान्यातल्या एका मामांनी लाल आणि निळ्या सुताच्या दोन कांड्या आणून दिल्या. मानेकडून ट्रॅपेझियसला लाल सूत लावलं. ॲक्सिलरीच्या पुढच्या फाट्यातून डेल्टॉइडच्या मागच्या भागाला निळं लावलं, कारण कित्येकांत तिथंही तो पोचतो. लाल, निळं म्हणजे "असेलच असं नाही". मामांनी सुताला मारलेली माझी गाठ बघितली, काही न बोलता सोडली आणि लूमवर तार जोडतात तशी बोटांत पिळून बसवली. दिसतसुद्धा नाही आता. शेजारच्या नर्सताई इंजेक्शनची जागा बघायला आल्या, त्यांना पट्टी लावून दाखवलं. ॲक्सिलरी नर्व्ह खांद्याच्या टोकापासून साधारण ५ ते ७ सेंटिमीटर खाली धरतात, पण बुटक्या, बारीक बाईत ५ च्या आतही येते.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा चुंबकाच्या डेल्टॉइडसाठी जादा दिलाय. विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी घ्यायला हरकत नाही, सुताची कांडी वेगळी आणा. आणि कुणाला डाव्या खांद्याचं मॉडेल माहीत असेल तर कळवा. इथं दर दुसरा पेशंट विचारतो, "मॅडम, पण माझा तर डावा दुखतोय की."