मागची चाकं की चारही? हिवाळ्यासाठी स्पोर्ट्‌स कार घेताना

म्युनिकमधल्या आपल्या मंडळींत दर ऑक्टोबरला एक प्रश्न फिरायला लागतो. नोकरीला दोन-तीन वर्षं झालेली असतात, वेगमर्यादा नसलेला ऑटोबान खुणावत असतो, आणि एखादी जुनी पण टकाटक स्पोर्ट्‌स कार डोक्यात बसलेली असते. मग विचारणा होते, "रिअर-व्हील ड्राइव्ह घेतली तर बर्फात अडकेन का हो?" उत्तर देणारे लगेच आल्प्समध्ये शिरतात. मी आधी उलटा प्रश्न विचारतो. गाडी रात्री कुठे उभी राहणार?

तुलनेसाठी दोन टोयोटा घेऊ. जीआर८६ रिअर-व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना, २३४ अश्वशक्ती, टर्बो नाही. युरोपात २०२२ ते २०२४ एवढीच विकली गेली, त्यामुळे आता जुनीच शोधावी लागते. जीआर यारिस २०२० पासूनची, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, सुरुवातीच्या गाड्यांत २६१ अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह. वजन दोन्हींचं १,२८० किलोच्या आसपास, मॅन्युअल गिअर दोन्हींत मिळतो. म्हणजे फरक दिसेल तो बहुतांशी चाकांचाच.

आता रात्रीच्या जागेबद्दल. इथल्या बऱ्याच इमारतींत पार्किंग तळघरात असतं आणि वर यायला रॅम्प. म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियाच्या नियमांनुसार मोठ्या गॅरेजचा रॅम्प जास्तीत जास्त १५ टक्के चढाचा असू शकतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरची पकड साधारण ०.२ धरा, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका जोर. चारही चाकं ओढत असतील तर गाडी कागदावर २० टक्क्यांचा चढ चढते. जीआर८६ च्या मागच्या चाकांवर मात्र जेमतेम ४७ टक्के वजन असतं, आणि ताकद लागते ती तेवढ्याच वजनाच्या जोरावर. चढावर वजन थोडं मागे सरकतं तेही धरलं तरी हिशोब १० टक्क्यांपाशी संपतो. रॅम्प १५ चा. हा हिशोब ढोबळ आहे, पण जानेवारीतल्या एका सकाळी मी तो माझ्या जीआर८६ मध्ये प्रत्यक्ष अनुभवला. आदल्या रात्री गाड्यांवरचा बर्फ रॅम्पवर वितळून पुन्हा गोठला होता. अर्ध्यापर्यंत गेलो, डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शनचा पिवळा दिवा फडफडला, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि मी ब्रेकवर पाय ठेवून इंच-इंच मागे आलो. मागे दोन गाड्या थांबलेल्या. इथे हॉर्न कोणी वाजवत नाही. नुसतं बघत राहतात. ते जास्त झोंबतं.

डिकीत वाळूची पोती टाकायचा सल्ला हमखास मिळतो. पन्नास किलोने मागचा वाटा ४७ वरून ४९ टक्क्यांपर्यंत जातो. नावापुरता फायदा, बस.

पोर्श ९११ चे चाहते इथे हात वर करतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने कॅरेरा या साध्या ९११ च्या मागच्या चाकांवर ६० टक्क्यांहून जास्त वजन असतं. चढावर ती जीआर८६ पेक्षा बरीच सरस. तरीही १५ टक्क्यांच्या बर्फाळ रॅम्पवर तीही घामाघूम होईल. तिची चारचाकी बहीण कॅरेरा ४ पहिल्यांदा १९८९ च्या मॉडेलात आली. ९११ च्या ९९२ या पिढीत दोघींच्या वजनात ५० किलोंचा फरक. रोज चढ असेल तर हे ५० किलो खुशाल वाहावेत.

इथवर वाचून यारिसच घ्यावी असं वाटेल. थांबा. बर्फावर गाडी हलवणं हे एक काम, थांबवणं दुसरं. त्याच ०.२ पकडीवर ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात, ७० वरून ९६. दोन्ही गाड्यांना सारखेच. ब्रेक चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतात, त्यात ऑल-व्हीलवाल्याला काही जादा मिळत नाही. उलट माझ्या मते यारिसचा खरा धोका इथेच आहे. सिग्नलवरून ती अशी सुटते की रस्ता कोरडाच वाटावा. जीआर८६ पहिल्या दहा मीटरांतच शेपूट हलवून सांगते, आज जपून. यारिस हे सांगत नाही. तुम्हाला ते पुढच्या वळणावर कळतं, स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच जायला लागते तेव्हा.

घाटात शिकलेल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. खंबाटकी, वरंधा उतरताना खालचा गिअर टाका, ब्रेक तापवू नका, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे आल्प्सच्या बाजूला, कोखेलच्या तळ्याकडे केसेलबर्गचा घाट उतरताना हात आपोआप दुसऱ्या गिअरकडे जातो. मागच्या चाकांवरच्या गाडीत, बर्फावर, क्लच झटकन सोडला की इंजिनाची सगळी ओढ फक्त मागच्या दोन चाकांवर येते. वळणात हँडब्रेक ओढल्यासारखाच प्रकार. यारिसमध्ये हीच ओढ चार चाकांत वाटली जाते, म्हणून चूक बरीच पोटात घातली जाते. जीआर८६ मध्ये गिअर सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटरला हलका स्पर्श देऊन इंजिनाचा वेग जुळवायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. घसरती गाडी आपोआप सावरणारं स्थिरता नियंत्रण मदतीला असतं, पण ते पकड निर्माण करत नाही. आठवडाभरात सवय होते. मला या गाडीची गोडी लागली ती अशाच सकाळी.

टायरबद्दल थोडक्यात, कारण त्यावर मतभेदाला जागाच नाही. पारा सातच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं. उन्हाळी टायरवरची यारिस हिवाळी टायरवरच्या जीआर८६ पुढे बर्फात टिकणार नाही. जर्मनीत बर्फ-निसरडं असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे आहेत, नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण लागते, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) हे जुनं चिन्ह चालत नाही. जुनी गाडी घेताना विक्रेता "सोबत हिवाळी सेट देतो" म्हणाला तर आधी ही खूण बघा, मग टायरच्या खाचांची खोली मोजा. जर्मनीत कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात. सीमा ओलांडून ऑस्ट्रियात स्कीइंगला जायचं तर हिवाळी टायरला ४ लागतात. ऑल-व्हील गाडीत चारही टायरांची झीज जवळपास सारखी असावी लागते, त्यामुळे एक फाटला की कधीकधी चारांचा भुर्दंड. आणि हो, बर्फाच्या साखळ्यांची निळी गोल पाटी दिसली तर "माझी फोर-व्हील आहे" हे जर्मनीत चालत नाही. साखळ्या लावायच्याच, वेग ५० च्या आत.

सपाट शहर, रस्त्यावर किंवा समतल आवारात पार्किंग, ए८ महामार्गावरून ऑफिस: जीआर८६ बिनधास्त घ्या. हे रस्ते सकाळी मीठ टाकून साफ केलेले असतात. मीठ गाडीच्या पोटाला खातं, तेवढं खालून धुवून घेत चला. घर आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिशच्या बाजूला, गल्ली चढाची, किंवा पहाटे बर्फ काढणारी गाडी यायच्या आत ड्यूटीला निघायचं असेल, तर यारिस. आणि दोन गाड्यांची ऐपत असेल तर एक तिसरी वाट आहे: हंगामी नंबरप्लेट. एप्रिल ते ऑक्टोबर असे महिने प्लेटवरच छापलेले असतात, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात मात्र गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, म्हणजे तळघरातली किंवा दुसरी खाजगी जागा हवीच.

मी जीआर८६ विकली नाही. नोव्हेंबर ते मार्च तळघर सोडून समोरच्या सपाट गल्लीत एक उघडी जागा भाड्याने घेतो. रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायला दहा मिनिटं जातात, आणि खरवडणी कुठे ठेवली यावरून घरात रोज एकदा बोलणी बसतात.