खराब हार्डडिस्क: डीडी की डीडीरेस्क्यू?

कोथरूडच्या भाचीची एक टीबीची डिस्क मध्येच अडकते. आत लग्नाचे फोटो आहेत. 'मामा, डीडी वापरू की डीडीरेस्क्यू?' असं तिनं विचारलं.

दोन्ही डिस्कची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम. पैशांचा प्रश्न नाही, दोन्ही फुकट. डीडी लिनक्समध्ये आधीपासून असतं. डीडीरेस्क्यू उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) 'जीडीडीरेस्क्यू' या पॅकेजमधून घ्यावं लागतं.

खरा फरक खराब सेक्टरपाशी, म्हणजे डिस्कवरच्या न वाचता येणाऱ्या छोट्या कप्प्यापाशी दिसतो. डीडी साधं चालवलं तर पहिल्याच एररला थांबतं. 'नोएरर, सिंक' हे पर्याय दिले तर पुढे जातं, पण न वाचलेल्या जागी शून्यं भरतं. ब्लॉक, म्हणजे एका वेळी वाचायचा तुकडा, ६४ केबीचा ठेवला तर ५१२ बाइटच्या एका सेक्टरपायी त्यातला चांगला भागही जाऊ शकतो. डीडीरेस्क्यू आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा मागे ठेवतं आणि मग त्या कुरतडत बसतं. मरणासन्न डिस्कसाठी हाच क्रम हवा.

शिवाय डीडीरेस्क्यूची मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद. पुण्यात गुरुवारी वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा द्यायची, काम राहिलं तिथून सुरू होतं. डीडीला कुठून सुरू करायचं ते आपणच मोजून सांगायचं.

इमेजसाठी, म्हणजे डिस्कची नक्कल ठेवायच्या फाइलसाठी, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, मूळ डिस्कपेक्षा मोठी डिस्क आणा. फोटोरेक हा हरवलेले फोटो शोधून काढणारा प्रोग्राम त्या इमेजवरच चालवा, मूळ डिस्कवर नको.

धडधाकट डिस्कची नक्कल करायची असेल तर डीडी पुरे. अडकणाऱ्या डिस्कला डीडीरेस्क्यूच. आतून टकटक येत असेल तर दोन्ही नकोत. लगेच बंद करून क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळविरहित खोली) असलेल्या तज्ज्ञाकडे द्या.