मिठाचा साबण पहिल्यांदाच करताय? सोप बेस की कॉस्टिक?

माझ्या बाथरूममध्ये सध्या दोन वड्या शेजारी शेजारी आहेत. दोन्ही घरी केलेल्या, दोन्हींत मीठ. एक हातात घेतली की फरशीसारखी गार आणि जड लागते. दुसरीला पाऊस सुरू झाल्यापासून घाम फुटलाय; खालची बशी पुसली तरी तासाभरात ओली. पहिली खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोड्याची (सोडियम हायड्रॉक्साइड, तेलाचा साबण करणारा जहाल क्षार). दुसरी तयार ग्लिसरीन बेस, म्हणजे विकत मिळणारा आधीच साबण झालेला ठोकळा वितळवून, त्यात मीठ ढवळून ओतलेली.

बेसचं काम खरंच सोपं. तुकडे करायचे, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचे, मीठ घालून साच्यात ओतायचं, संध्याकाळी आंघोळीला तयार. मुलांना सोबत घेऊन करता येतं. बेस गरम आणि पातळ असताना मीठ घातलं तर ते सरळ तळाला जातं, म्हणून मिश्रण साय धरू लागेपर्यंत थांबायचं. पण मीठ घालायचं किती? पाव किलो बेसला दोन-तीन चमचे, बस. त्यापुढे फेस मरतो. साधा साबण खाऱ्या पाण्यात विरघळत नाही. कारखान्यात तर मीठ घालूनच साबण पाण्यापासून वेगळा काढतात. त्यामुळे बेसची वडी ही चवीपुरतं मीठ घातलेली साबणाची वडी, मिठाचा साबण नव्हे. भेट द्यायला गोड दिसते, एवढं मान्य.

खोबरेल तेलाचा साबण याला अपवाद. तो खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून बोटीवरच्या माणसांसाठी पूर्वी तोच करत. तेलाच्या निम्मं, अगदी तेलाइतकंही मीठ घातलं तरी तो नांगी टाकत नाही. नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो, म्हणून पाचवा हिस्सा तेल मुद्दाम साबण न होता उरेल असा हिशेब धरतात. माझं माप असं: खोबरेल तेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम, बारीक मीठ २५० ग्रॅम. सगळं वजनाने, पाणीसुद्धा. वाटी-चमच्याने करणार असाल तर बेसच घ्या. तेल शुद्ध खाण्याचं हवं, सुवासिक हेअर ऑइल नको.

कॉस्टिकची भीती अनाठायी नाही. नेहमी पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. ते स्वतःच इतकं तापतं की भांडं हातात धरवत नाही, वर झोंबणारी वाफ. तेव्हा गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी करा. चष्मा, रबरी हातमोजे, स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियमचं अजिबात नको; कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. हातावर उडालंच तर व्हिनेगर शोधत बसू नका, नळाखाली भरपूर पाण्याने धुवा. आणि नाल्या साफ करायची पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा नव्हे, तिच्यात आणखी काय काय असतं.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी कोमट झालं की हँड ब्लेंडरने फिरवायचं. मिश्रण पातळ कढीसारखं दाट झालं की शेवटी मीठ. इथून पुढे घाई. माझी पहिली खेप मी लांबट केकच्या साच्यात ओतली आणि सकाळी कापू म्हणून झोपले. सकाळी सुरी लावली तर वडीऐवजी चुरा. मिठाचा साबण दोन-तीन तासांतच कापावा लागतो, तोही हातमोजे घालून, कारण आत कॉस्टिक अजून जिवंत असतं. त्यापेक्षा सुट्या वड्यांचे सिलिकॉन साचे घ्या, कापायचा प्रश्नच मिटला. क्रॉफर्ड मार्केटात केकच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. कॉस्टिकसाठी प्रिन्सेस स्ट्रीटवरची केमिकलची दुकानं.

मिठाबद्दल फार डोकं चालवू नका. घरातलं बारीक मीठ चालतं. सैंधव गुलाबी दिसतं खरं, पण भरड असलं तर अंगाला ओरखडे काढतं. मिक्सरमधून फिरवून चाळून घ्या. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांच्या आठवणीने खडेमीठ घालायचा मोह मलाही झाला होता, त्यालाही हाच नियम. एप्सम सॉल्ट आणि मृत समुद्राचं मीठ मात्र दूर ठेवा. त्यातलं मॅग्नेशियम साबणाशी भांडतं, वडी पाझरते. पादेलोणाचं सांगायला नको, त्या वासाने कोण आंघोळ करणार.

मुंबईत एक हिशेब वेगळा. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळाभर तो बहुतेक त्याच्या वरच. खोबरेलाच्या वडीलाही तेव्हा थोडा घाम येतो. ग्लिसरीनही पाणी ओढणारंच, त्यामुळे बेसची वडी दुहेरी भिजते. ती क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळूनच ठेवायची. खोबरेलाच्या वड्यांना मात्र निदान सहा आठवडे हवा लागावी लागते, दोन-तीन महिने दिले तर फेस आणखी सायीसारखा येतो. म्हणून त्या जुलैत करू नका, दिवाळीनंतर करा.

तेव्हा घरात रांगतं मूल असेल, किंवा वन आरकेत स्वयंपाकाचा ओटा हीच एकमेव जागा असेल, तर बेस घ्या, मीठ कमी घाला आणि आठवडाभरात वापरून टाका. वजनकाटा, गॅलरी आणि कुणी मध्ये येणार नाही अशी एक दुपार मिळत असेल, तर पहिल्याच खेपेला खोबरेलाचा करा. एकच तेल, चार जिन्नस. बाकी साबणांपेक्षा हिशेब सोपा. दाढी किंवा वॅक्सिंगच्या दिवशी मात्र दोन्ही वड्या लांब ठेवा, चरचरतं.

आणि वड्या माळ्यावर ठेवाल तेव्हा खोक्यावर तारीख लिहा. आमच्याकडे आईने दहाव्या दिवशीच एक काढून सिंकपाशी ठेवली होती.