बेंटॉल ऑपरेशननंतरचे अकरा महिने

गेल्या वर्षी गोडी छाटणी उरकली आणि पंधरा दिवसांत माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. आता यंदाची छाटणी चालू आहे. नाशिकजवळ मखमलाबादला आमची द्राक्षबाग. ज्यांना माझ्यासारखाच निर्णय घ्यायचाय, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

दम लागायचा म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. महारोहिणी हृदयातून निघते तिथलं मूळ 5.6 सेंटिमीटर फुगलेलं. साधारण 5.5 झालं की ती फाटायच्या भीतीने ऑपरेशन सांगतात, मार्फनसारख्या जन्मजात आजारात त्याआधीच. तिथली माझी झडप जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्यांची, त्यात गळणारी.

मला डेव्हिड ऑपरेशन हवं होतं. त्यात फुगलेला भाग काढून डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी बसवतात आणि आपलीच झडप नळीच्या आत शिवतात, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या सहसा जन्मभर घ्याव्या लागत नाहीत. पण पाकळ्या धड असतील तरच. माझ्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचलेलं. मग बेंटॉल. यात नळी आणि झडप दोन्ही नवीन, आणि हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं नळीला जोडून देतात. 1968 सालापासूनची पद्धत आहे. जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीची, झडप घेतली असती तर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा छाती उघडायची वेळ आली असती. वय 46, म्हणून मेकॅनिकल घेतली, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी जन्मभर.

पहिले तीन महिने वजन उचलणं बंद, मोटारसायकल बंद. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. रात्री सगळं शांत झालं की झडपेची टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला झोप यायची नाही. आता ती ऐकू आली की बरं वाटतं.

खरी काळजी आयएनआरची, म्हणजे गोळीने रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीच्या आकड्याची. माझा 2 ते 3मध्ये राहायला हवा. पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो, म्हणून हिने घाबरून मेथी-पालक बंदच केलं आणि आकडा 3.8वर गेला. डॉक्टर म्हणाले, भाजी खा, पण दर आठवड्याला सारखीच. एकदा दोन लॅबमध्ये एकाच दिवशी 2.1 आणि 2.9 आला. पहिल्या आकड्यावर मी गोळी वाढवून बसलो होतो, डॉक्टरांना न विचारता. तेव्हापासून लॅब एकच, आणि डोस त्यांनी सांगितल्याशिवाय बदलत नाही. अंगदुखीला मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका, दाताच्या डॉक्टरला झडपेचं आधी सांगा.

एप्रिलच्या खरड छाटणीत कात्री अंगठ्याला लागली. एरवी चिंधी बांधून पुढची वेल धरली असती. त्या दिवशी बांधावर बसून वीस मिनिटं दाबून धरलं, तेव्हा रक्त थांबलं. आता चामड्याचे हातमोजे घालतो, हात जरा सावकाश चालतो एवढंच.

दोन पाकळ्यांची झडप घराण्यात असू शकते, म्हणून मुलाचा आणि धाकट्या भावाचा इको करून घेतला. मुलाच्या पाकळ्या तीन आहेत. भावाच्या दोन. त्याचं मूळ 4.1वर आहे, दरवर्षी इको सांगितलाय, पुढचा मार्चमध्ये.