वेंगुर्ल्याचा विंगर: गोव्याला धाडावा की मुंबईला?

भाचा १७ वर्षांचा, डावखुरा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने आक्रमण करणारा, पळायला लागला की हाती लागत नाही. बारावीनंतर त्याला फुटबॉलसाठी गोव्याला पाठवायचं की मुंबईला, यावर घरात चतुर्थीपासून वाद चाललाय. माझं मत गोवा, निदान पहिली तीन वर्षं. ताई मुंबईवर अडून आहे, कारण थोरला दादा डोंबिवलीला राहतो.

विंगर मुळात लाइनीला चिकटून उभा, त्याच्याकडे चेंडू येणारच कमी. म्हणून त्याला चाचण्यांपेक्षा सामने हवेत. मुंबईत एका निवड चाचणीत भाच्याला ११ मिनिटं मिळाली, चेंडू दोनदा. दोन्ही वेळा पहिला टच, म्हणजे चेंडू ताब्यात घेतानाचा स्पर्श, लाइनीबाहेर. आमच्याकडे ओहोटीला किनाऱ्यावर खेळायचं. वाळू चेंडू खाते, म्हणून हा टच जोरात मारतो. टर्फवर तोच चेंडू सुसाट निघून जातो. ही खोड मोडायला हंगामभर खेळावं लागतं, ११ मिनिटांत ती फक्त दिसते.

गोव्यात गावागावात फुटबॉल. तेव्हाची देशातली अव्वल लीग म्हणजे आय-लीग. तिची पहिली सहाही विजेतेपदं, २००७-०८ ते २०१२-१३, धेंपो, चर्चिल आणि साळगावकर या गोव्याच्याच क्लबांनी वाटून घेतली. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग त्या लीगमधून बाहेर पडले, तो दबदबा ओसरला. तरी राज्याची प्रोफेशनल लीग आहेच. शिवाय वेंगुर्ल्याहून आरोंद्याचा पूल ओलांडला की गोव्यातलं पेडणे. मांडीचा स्नायू धरला, आणि विंगरचा तो धरतोच, तर पोरगं संध्याकाळी घरी. मुंबईहून तुतारी एक्स्प्रेसने रात्र काढावी लागते.

मुंबई सरस आहे ती नोकरीत. रेल्वे, बँका, खेळाडूंच्या कोट्यातली भरती, सोबत कॉलेज. हे हलकं समजू नका. क्लबचा भरवसा काय? महिंद्रा युनायटेडसारखा संघ २०१० मध्ये बंद झाला, आणि २०२५ मध्ये तर आयएसएलचा, म्हणजे आताच्या अव्वल लीगचा, हंगामच वेळेवर सुरू झाला नाही.

मुंबईत राहिलं की आयएसएलमधल्या मुंबई सिटी क्लबचं दार उघडतं, हे मात्र मला पटत नाही. त्यांच्या विंगवर मिझोरामचा छांगटे, २०२५ पर्यंत मणिपूरचा बिपिन सिंगही होता. आयएसएलच्या २०२१ च्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला विजयी गोल बिपिननेच मारला, तोही मडगावच्या फातोर्ड्यात! मोठे क्लब खेळाडू कुठूनही उचलतात.

ताईला मी मंदार राव देसाईचं उदाहरण देतो. गोव्याचा पोर, धेंपोत लेफ्ट विंगर. पुढे एफसी गोवात प्रशिक्षक लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, केलं, आणि २०२० मध्ये तो त्यांच्याबरोबर मुंबई सिटीत गेला. वेग उतरला की विंगरची जागा जाते. मागे खेळता येत असेल तर आणखी काही वर्षं निघतात.

त्यामुळे हल्ली संध्याकाळी भाच्याला लेफ्ट बॅकला उभा करतो. "मामा, गोल कधी मारायचा?" म्हणून तोंड वाकडं करतो, पण उभा राहतो.