वाडीवरून बाजाराला: एसटी की वडाप (शेअर) रिक्षा?

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष मुंबईला, गावात बायका नि म्हातारी माणसं. त्यामुळे पैशाचा हिशेब एसटीकडे झुकतो: महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयालाही अर्धं, ७५ नंतर फुकट. वयाच्या सवलतीला वय दाखवणारं ओळखपत्र जवळ हवंच.

पण एसटी थांबते वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, फाट्यावर. तिथून वाडीपर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची उतरती वाट. पावसात तिला शेवाळ धरतं आणि गुडघे दुखणाऱ्याला, त्यातही डोक्यावर ओझं असेल तर, ती वाट उतरणं जमत नाही.

रिक्षा, खाली रस्ता असेल तर, थेट वाडीत येते. मात्र सीट भरेपर्यंत हलत नाही आणि अंधार पडल्यावर क्वचितच मिळते. म्हणून जाताना एसटी, सामान घेऊन परतताना रिक्षा. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.