रायफल कधी नव्हतीच : १,०१२ डॉलरचा धडा

जाहिरातीतली एक वापरलेली रायफल घ्यायला गेलो आणि एकूण १,०१२ कॅनेडियन डॉलर गेले. आधी ८६७, तीन दिवसांनी १४५. रुपयांत बासष्ट हजारांच्या घरात. गोष्ट ऑक्टोबर २०२४ ची आहे. लिहायला इतके दिवस लागले, कारण लाज वाटत होती. अजूनही वाटते. पण एडमंटन, कॅलगरीकडची आपली काही मंडळी हल्ली शिकारीचा परवाना काढायला लागली आहेत, आणि पहिली रायफल घेताना जो तो ‘वापरलेली, स्वस्तात मिळते का’ हेच बघतो. मीही तेच बघत होतो.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. इथे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मूस मारायचा तर सरकार संख्या ठरवतं, अर्ज मागवतं, सोडत काढतं. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, पूर्ण वाढलेला नर चारशे-पाचशे किलोंचा. एका जनावराचं मांस आमच्या चौघांना वर्षभर पुरून उरेल. ते विकायला मात्र बंदी आहे, विकलंत तर दंड. सोडतीत माझं नाव लागायला चार वर्षं लागली. नोव्हेंबरचा टॅग, म्हणजे एका मूसची परवानगी, हातात आणि घरात रायफल नाही, अशी माझी अवस्था होती. ही घाई माझ्या मेसेजमधून रायफल विकणाऱ्या त्या माणसाला पहिल्या दिवशीच कळली असणार. ‘हंगाम कधीपासून?’ असं त्याने विचारलं आणि मी तारखेसकट सांगून टाकलं. कोणालाही तारीख सांगू नका.

काय घ्यायचं ते माझं ठरलेलं होतं, मी अगदी अडाणी नव्हतो. बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायची रायफल), .३०-०६ काडतूस, १८० ग्रेन वजनाची गोळी. हे काडतूस १९०६ पासून चालत आलंय, मूसला पुरून उरतं आणि उत्तरेकडच्या लहान गावातल्या दुकानातही मिळतं. मोठ्या, जास्त जोराच्या मॅग्नम काडतुसाची गरज नाही. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची भीती बसली की चाप ओढताना माणूस दचकतो, आणि जनावर जखमी होऊन रानात पळतं. ते पाप नको होतं. कामावरचा एक सहकारी तीस वर्षं शिकार करतोय. तो म्हणाला, नवी सॅव्हेज अ‍ॅक्सिस घे नाहीतर रुगर अमेरिकन, दुर्बिणीसकट सातशेच्या आसपास पडेल, बाकी काही बघू नकोस. मी ऐकलं नाही.

कारण माझ्या डोक्यात टिक्का होती. फिनलंडची रायफल. उत्तर कॅनडातल्या बर्फात गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स १९४७ पासून जुनी .३०३ ली-एनफिल्ड वापरत होते. ती जाऊन आता आलेली सी-१९ रायफल टिक्काच्याच आराखड्यावर बनते. हे वाचल्यापासून मला दुसरं काही दिसेना. पण नवी टिक्का हजाराच्या वर जाते, दुर्बीण वेगळी. आणि जाहिरात होती टिक्का टी-३-एक्स, .३०-०६, स्टेनलेस नळी, दुर्बिणीसकट, ८२५ डॉलर.

चारशे म्हणाला असता तर मी तिथेच सोडून दिलं असतं. ८२५ हा आकडा नीट विचार करून ठेवलेला होता. परवडेल असा, पण संशय येऊ नये असा. म्हणून जे लोक मला म्हणाले की ‘एवढं स्वस्त दिसल्यावर कळायला नको?’, त्यांना माझं उत्तर आहे, नाही, कळत नाही.

माणूस शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातला. सासरे वारले, त्यांची रायफल, घरात दुसरं कोणी शिकार करत नाही. बोलायला शांत. मला म्हणाला, उणे पंचवीसला बोल्टमधलं तेल घट्ट होतं आणि काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन मंदावते, तेव्हा बोल्ट पुसून कोरडा ठेव. हे अगदी बरोबर आहे! असा सल्ला देणारा माणूस चोर असेल असं वाटतं का? मग म्हणाला, तुझ्याकडे बंदुकीचा परवाना असल्याशिवाय मी व्यवहार करणार नाही, कार्डाचा फोटो पाठव. मला तो कायद्याने वागणारा वाटला. मी दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला. त्यानेही ‘स्वतःच्या’ कार्डाचा पाठवला. ते कार्ड माझ्या आधी फसलेल्या कोणाचं तरी असावं, आणि आज माझं कार्ड तो पुढच्या माणसाला दाखवत असणार, हे मला फार उशिरा सुचलं. कार्ड समोरासमोर दाखवायचं. फोटो कधीही द्यायचा नाही.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. १८ मे २०२२ पासून इथे साधी शिकारीची रायफलसुद्धा दुसऱ्याला देताना, विकणाऱ्याने घेणाऱ्याचा परवाना सरकारकडून तपासून संदर्भ क्रमांक मिळवायचा असतो. तो मिळाल्याशिवाय हत्यार हातात द्यायचं नाही. मी त्याला विचारलं, नंबर कधी घेणार? त्याचं उत्तर होतं, ‘अरे, लांब बंदुकांची नोंदणी २०१२ मध्येच बंद झाली.’

नोंदणी २०१२ मध्ये बंद झाली हे खरं आहे. पण परवान्याची तपासणी ही वेगळी गोष्ट, आणि ती मला माहीत होती. मी तसं लिहिलंही. त्यावर तो म्हणाला, बरं बरं, पार्सल टाकायच्या दिवशी घेतो, ते लोक फार वेळ लावतात. आणि मी ‘ओके’ लिहिलं. ते दोन अक्षरी उत्तर मी त्यानंतर कितीदा वाचलं असेल याला हिशेब नाही. मला नियम माहीत होता, मी तो त्याला सांगितला आणि मग मीच सोडून दिला, कारण जास्त ताणलं तर रायफल दुसरा कोणी नेईल अशी भीती वाटली. खऱ्या विकणाऱ्याला नंबर घ्यायला काही जड जात नाही. आधी नंबर, मग पैसे. एवढं एक वाक्य मी धरून बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

देवाने दुसरी संधीही दिली होती. ई-ट्रान्सफर, म्हणजे ई-मेलच्या पत्त्यावर बँकेतून पैसे पाठवताना, त्याचं खातं ऑटो-डिपॉझिटचं, म्हणजे पैसे आपोआप जमा होणारं, निघालं. त्यात पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव पडद्यावर येतं. कार्डावर एक नाव, पडद्यावर वेगळंच. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं. मी बटण दाबलं. ८२५ आणि पोस्टाचे ४२. ऑटो-डिपॉझिटला गेलेले पैसे परत ओढता येत नाहीत, क्षणात पोहोचतात. नाव जुळत नसेल तर फोन खाली ठेवा आणि उठा.

तीन दिवसांनी त्याचा मेसेज आला, ‘पोस्टाने विमा मागितलाय, १४५, रायफल पोहोचली की परत मिळतील.’ तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, माणूस बघितलेला नाही, वस्तू बघितलेली नाही, आणि अजून पैसे?’ मी तिच्यावर ओरडलो. १४५ पाठवले. तिच्यावर ओरडल्याचं मला १,०१२ पेक्षा जास्त वाईट वाटतं. त्यानंतर जाहिरात गायब, माणूस गायब.

मग सुरू झाली पायपीट. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरीला गेलेले नाहीत. पोलिसांनी विचारलं, रायफल चोरीची होती का? म्हटलं, साहेब, रायफल नव्हतीच. मग हा बंदुकीचा विषय नाही, ऑनलाइन तक्रार भरा. समोरचा माणूस दुसऱ्या प्रांतातला, म्हणून तिकडे फोन केला. ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे नोंदवा. इकडे नोंदवली तर म्हणाले, पैसे तिकडे गेलेत. फसवणूक नोंदवायच्या सरकारी लाइनवर एक तास पन्नास मिनिटं थांबलो, एक फाइल नंबर मिळाला, आणि शेवटी सांगण्यात आलं की आम्ही माहिती गोळा करतो, तपास करत नाही. परवान्याच्या कार्यालयात कळवलं की माझ्या कार्डाची प्रत चोराच्या हातात आहे. विचारलं, कार्ड हरवलं का? नाही, कार्ड खिशात आहे. मग हरवल्याचा अर्ज घेता येणार नाही. अहो, पण माझ्या नावावर उद्या तो दुसऱ्या कोणाला लुटेल! त्याची नोंद ठेवतो म्हणाले. कुठे ठेवली, कोण वाचणार, कोणी सांगेना. ज्या देशात एक रायफल विकत घ्यायची तर अभ्यासक्रम, परीक्षा, ओळख सांगणारी माणसं, पहिल्या परवान्याला किमान २८ दिवसांची वाट, हे सगळं मी मुकाट्याने केलं, तिथे त्याच परवान्याचं चित्र दाखवून कोणी लुटलं तर हा विषय कोणत्याच टेबलावरचा नाही. माझ्याकडे खात्यावरचं नाव होतं, ई-मेल होता, सगळे मेसेज होते. कोणी मागितलेही नाहीत.

तक्रारीनंतर आठवड्याभरात एक मेसेज आला, २०० डॉलर भरा, तुमचे पैसे मिळवून देतो. ती त्याच धंद्याची दुसरी खिडकी आहे. उत्तरही देऊ नका.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानात जाऊन सॅव्हेज अ‍ॅक्सिस घेतली. ६८९ आणि जीएसटी धरून ७२३ डॉलर ४५ सेंट. काउंटरवरच्या मुलाने माझं कार्ड घेतलं, काहीतरी टाइप केलं, आणि मी अजून दुर्बिणीतून समोरच्या भिंतीकडे बघतोय तेवढ्यात म्हणाला, ‘झालं, नंबर आला.’ मी त्याला तो नंबर पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला.